विक्री एकाची, तोटा कोणाचा? इंग्रजीतील 'सेल'च्या वाक्प्रचारांचे विवेचन

इंग्रजीतले 'सेल' हे क्रियापद मुळात विकण्याचे नव्हतेच. ते देण्याचे होते. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'देणे, हाती सोपवणे' असा होता. हजारएक वर्षांपूर्वी येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचे त्या भाषेत जे भाषांतर झाले, त्यात देवाकडे रोजची भाकरी मागताना हेच क्रियापद वापरले आहे, आणि देव काही भाकरीचा दुकानदार नव्हता. पुढे 'मोल घेऊन देणे' हा अर्थ वरचढ ठरला आणि निव्वळ देण्याचे काम 'गिव्ह'कडे गेले. जुन्या अर्थाची एक खूण 'हँडसेल' या शब्दात राहिली आहे. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या पैशांना हा शब्द होता. आपल्याकडचा भाजीवाला सकाळची पहिली नोट कपाळाला लावून 'भवानी झाली' म्हणतो, ती हीच.

या क्रियापदाभोवती इंग्रजीत वाक्प्रचारांचे रान माजले आहे. आपल्याकडच्या परीक्षोपयोगी पुस्तकांत ते वर्णानुक्रमे लावून, समोर एकेक मराठी अर्थ देऊन पाठ करायला दिलेले असतात. पाठ होतात, पण वापरायची वेळ आली की दगा देतात, कारण 'सेल आउट', 'सेल ऑफ', 'सेल शॉर्ट' यांतला फरक 'विकणे' या अर्थातून निघतच नाही. माझ्या मते या सगळ्यांची वर्गवारी एका प्रश्नावर करता येते: या व्यवहारात तोटा कोणाच्या पदरात पडतो? गिऱ्हाइकाच्या, विकणाऱ्याच्या, की व्यवहारात ज्याला कोणी विचारलेच नाही अशा तिसऱ्याच्या? हा प्रश्न कायद्यालाही नवा नाही. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २६ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, मालाची जोखीम मालकीबरोबर सरकते. गोदामाला आग लागली त्या घटकेला माल ज्याचा होता, त्याचे नुकसान. म्हणूनच वकील 'सोल्ड' आणि 'अग्रीड टू सेल' यांची गल्लत होऊ देत नाहीत. घरा-जमिनीच्या बाबतीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हाच भेद केला आहे. साठेखताने जागेत हक्क निर्माण होत नाही, तो खरेदीखताने होतो. इंग्रजी ज्या दस्ताला विकणाऱ्याच्या बाजूने 'सेल डीड' म्हणते, त्यालाच मराठी घेणाऱ्याच्या बाजूने खरेदीखत म्हणते, हे जाता जाता.

तोटा कोणाचाच नाही

आधी सोपा वर्ग उरकून घेऊ. 'द शॉपकीपर सेल्स अम्ब्रेलाज' जसे चालते, तसेच 'अम्ब्रेलाज सेल वेल इन जून' हेही चालते. छत्र्या जणू स्वतःच स्वतःला विकतात. मराठीने या कामांसाठी वेगळे धातू ठेवले आहेत: दुकानदार विकतो, माल खपतो आणि लबाड माणूस माल खपवतो. या सवयीमुळे मराठी माणूस इंग्रजी लिहिताना अडखळतो आणि 'अम्ब्रेलाज आर सोल्ड वेल' असे कर्मणी वाक्य करून बसतो. ते कानाला खटकते. जिथे मराठीत 'खपणे' येईल, तिथे इंग्रजीत कर्तरी 'सेल' ठेवावे, एवढा नियम पुरे.

'सेल लाइक हॉट केक्स' हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा वाक्प्रचार. त्यातला केक वाढदिवसाचा नव्हे. तव्यावर तळून गरम गरम विकल्या जाणाऱ्या धिरड्यांच्या जातीचा तो पदार्थ. आपल्या 'हातोहात खपणे'शी तो तंतोतंत जुळतो. फक्त त्यात वेग आहे, टिकाऊपणा नाही. एखादी कादंबरी चाळीस वर्षे संथपणे खपत असेल तर तिला हॉट केक म्हणू नये. 'बेस्ट सेलर'चेही तसेच. अमेरिकेतल्या 'द बुकमन' मासिकाने १८९५ मध्ये सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली, तेव्हापासून या शब्दाचा अर्थ 'ठरावीक काळात जोरात खपलेले' असाच आहे. वर्षानुवर्षे अफाट खपणारे बायबल अशा याद्यांत सहसा नसते.

'फॉर सेल' म्हणजे विकायला काढलेले. 'ऑन सेल' म्हणजे ब्रिटनमध्ये बाजारात उपलब्ध असलेले, तर अमेरिकेत सवलतीत मिळणारे. आपण 'सेल लागलाय' म्हणतो ते अमेरिकन अर्थाने. अशा सवलतीच्या हंगामांना इंग्रजीत निरनिराळी नावे आहेत. फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वॉनामेकर यांनी १८७८ च्या जानेवारीत चादरी-टॉवेलांचा 'व्हाइट सेल' लावला, कारण तेव्हा हे कापड पांढरेच असे. जुन्या-पान्या वस्तूंच्या 'रमेज सेल'मधला 'रमेज' जहाजाच्या तळघरात माल रचण्याच्या कामावरून आला. या सगळ्यांत दोन्ही पक्ष खुशीत असतात, म्हणून त्यांवर जास्त लिहिण्यासारखे नाही.

गिऱ्हाइकाचा तोटा

'पिग इन अ पोक' या वाक्प्रचारातला 'पोक' म्हणजे थैली. 'पॉकेट' हे तिचेच लघुरूप. बाजारात डुकराचे पिल्लू म्हणून थैली बंद करून विकायची आणि घरी जाऊन उघडली की आतून मांजर निघायचे, अशी ही जुनी फसवणूक सांगतात. जर्मन, डच आणि फ्रेंच लोक याच प्रसंगाला 'थैलीतले मांजर विकत घेणे' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पदरात प्रत्यक्ष जे पडले ते त्यांनी नोंदवले, आणि इंग्रजांनी गिऱ्हाइकाला जे वाटत होते ते. मला इंग्रजांची निवड अधिक मार्मिक वाटते, कारण या वाक्प्रचारात खरा दोष थैली न उघडणाऱ्याला दिला जातो. याच्या उलट 'सेल समवन अ पप', म्हणजे कुत्र्याचे पिल्लू गळ्यात मारणे. हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ब्रिटिश प्रयोग. तिथे दोष विकणाऱ्याचा. सहकारी म्हणाला, 'आय बॉट अ पिग इन अ पोक', तर तो स्वतःच्या उतावळेपणावर चिडला आहे. 'आय वॉज सोल्ड अ पप' म्हणाला, तर तो दुकानदारावर चिडला आहे. कोशात दोहोंपुढे 'फसणे' एवढेच लिहिलेले असते.

न्यायालयाने बराच काळ थैली न उघडणाऱ्यालाच दोषी धरले. 'कॅव्हिएट एम्प्टर', म्हणजे घेणाऱ्याने सावध राहावे, हे लॅटिन सूत्र इंग्रजी कायद्यात मुरलेले होते. १६०३ मध्ये लंडनमधला एक खटला गाजला. एका सोनाराने एकाला शंभर पौंडांना बेझोअर म्हणून खडा विकला. बेझोअर म्हणजे शेळीसारख्या प्राण्यांच्या पोटात सापडणारा, विषावर उतारा समजला जाणारा खडा. हा मात्र बेझोअर नव्हताच. न्यायालय म्हणाले, सोनाराने तो बेझोअर आहे असे नुसते सांगितले होते, तशी हमी दिली नव्हती. शंभर पौंड बुडाले. 'सांगणे' आणि 'हमी देणे' यांतल्या या फटीतून पुढची तीनशे वर्षे कितीतरी व्यापारी सुटून गेले. १८९३ च्या ब्रिटिश मालविक्री कायद्याने ती फट बरीचशी बुजवली आणि त्याच्या धर्तीवर आपला १९३० चा कायदा आला. त्याचे कलम १६ आजही 'हमी गृहीत धरायची नाही' असेच सुरू होते आणि मग एकामागून एक अपवाद सांगते: घेणाऱ्याने कशासाठी हवे ते सांगितले असेल, तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, माल वर्णनावरून घेतला असेल. अपवादांनी नियम पोखरून टाकला आहे.

मात्र एका इंग्रजी वाक्प्रचाराने तो नियम जिवंत ठेवला आहे, आणि मराठी वर्तमानपत्रात तो जवळपास रोज दिसतो. कर्ज थकलेल्या मालमत्तांच्या जाहीर सूचना उघडून पाहा: 'जसे आहे जेथे आहे', 'जे आहे जसे आहे', 'जे काही आहे' या तत्त्वावर विक्री. 'ॲज इज व्हेअर इज' या वाक्प्रचाराचे हे शब्दशः, थोडेसे विनोदी भाषांतर. पण त्यातला दंश विनोदी नाही. मालमत्तेवर जी काही थकबाकी, जो काही वाद, जी काही गळती असेल ती घेणाऱ्याच्या माथी, असा त्याचा अर्थ. केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की, या अटीवर लिलावात जागा घेणाऱ्याने थकबाकीची चौकशी स्वतः करायची असते आणि नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजबाकी नव्या जोडणीपूर्वी त्याच्याकडून मागता येते. अशी विक्री 'अंडर द हॅमर' होते, म्हणजे लिलावात. आपला 'लिलाव' शब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. तो पोर्तुगीजांच्या 'लेलांव'वरून आला.

विकणाऱ्याचा तोटा

'फायर सेल' आधी अक्षरशः आगीनंतरची विक्री होती. दुकान जळायचे, वाचलेल्या कापडाला धुराचा वास यायचा आणि मिळेल त्या किमतीला ते काढून टाकायचे. आज आग लागण्याची गरज उरलेली नाही. धनकोंनी तगादा लावल्यावर एखादी कंपनी आपला चालता विभाग पडेल भावात विकते, तेव्हा तो 'फायर सेल' म्हणायचा. 'क्लिअरन्स सेल'मध्ये विकणारा स्वतःच्या मर्जीने किंमत उतरवतो. इथे त्याला दुसरा मार्गच नसतो. भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत यासाठी 'डिस्ट्रेस सेल' हा शब्द रूढ आहे. सोयाबीन किंवा कांदा काढणीला आला की साठवायला जागा नाही आणि सावकार दारात, म्हणून शेतकरी मिळेल त्या भावाने देतो. त्यासाठी दुसरे कोणते इंग्रजी शब्द या मातीला इतके चपखल बसले असते, मला सुचत नाही.

'सेल शॉर्ट' अधिक गुंतागुंतीचे आहे. शेअर बाजारात याचा अर्थ स्वतःकडे नसलेला माल विकणे. समजा, एखाद्याने शंभर शेअर उसने घेऊन ५०० रुपयांना विकले. भाव ४०० वर आला की ते परत घेऊन मूळ मालकाला द्यायचे, शेअरमागे मधले शंभर रुपये खिशात. पण भाव चढला तर? तो हजारावर जाऊ शकतो, दोन हजारांवर जाऊ शकतो. घेणाऱ्याचे नुकसान फार तर त्याने घातलेल्या पैशांएवढे. उसन्यावर विकणाऱ्याच्या नुकसानाला छत नाही. ही युक्ती फार जुनी. डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर १६०२ मध्ये निघाले आणि १६०९ मध्ये इझाक ल मेर नावाच्या नाराज भागधारकाने साथीदार जमवून, आपल्याकडे नसलेले शेअर पुढच्या तारखेला देण्याच्या बोलीवर विकायचा सपाटा लावला. १६१० मध्ये डच सरकारने अशा विक्रीवर बंदी घातली. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी असे करणाऱ्यांना अस्वलाच्या कातड्याचे दलाल म्हणत, कारण अस्वल मारायच्या आधीच त्याचे कातडे विकू नये अशी म्हण होती. मंदीवाल्यांचे 'बेअर' हे नाव त्यातूनच आले असावे. 'बाजारात तुरी' या आपल्या म्हणीचे हे दूरचे भावंड.

मुंबईने या खेळाची किंमत मोजली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरचे वेड पसरले. माल आणि पैसा यांपैकी काहीच हाताशी नसताना पुढच्या तारखांचे वायदे झाले. युद्ध संपले, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ ला, जेव्हा वायदे पुरे करायचे होते, तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे दिग्गजही कोसळले.

या बाजारी अर्थावरून 'सेल यूअरसेल्फ शॉर्ट' म्हणजे स्वतःला कमी लेखणे असा प्रयोग निघाला. तोही विकणाऱ्याच्याच तोट्याचा: पगाराच्या बोलणीत स्वतःची किंमत स्वतःच उतरवणाऱ्या उमेदवाराचा.

ज्याला विचारले नाही त्याचा तोटा

सर्वांत जड वाक्प्रचार या वर्गात आहेत. 'सेल डाउन द रिव्हर' याचा अर्थ कोशात 'विश्वासघात करणे' असा असतो आणि ऑफिसच्या गप्पांत लोक तो सहज उच्चारतात. यातली नदी खरी आहे, विक्रीही खरी आणि विकला जाणारा माल म्हणजे माणूस. अमेरिकेने १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घातली, गुलामी मात्र ठेवली. त्याच सुमारास कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रामुळे मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या दक्षिणेकडच्या प्रदेशांत कापसाची शेती फोफावली. मजूर आणायचे कुठून? व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी इथल्या मालकांनी आपल्याकडचे गुलाम दक्षिणेला विकायला सुरुवात केली. कोणाला साखळीने बांधून पायी नेले, कोणाला समुद्रमार्गे, तर कोणाला ओहायो आणि मिसिसिपी नद्यांमधून बोटींनी नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. यादवी युद्धाच्या आधीच्या दशकांत सुमारे दहा लाख माणसे अशी हलवली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. खालच्या कापूस आणि ऊस मळ्यांवरचे हाल इतके कुप्रसिद्ध होते की 'नदीखाली विकीन' ही वरच्या राज्यांत मालकाची नेहमीची धमकी होती. हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५२ च्या 'अंकल टॉम्स केबिन'चे कथानक केंटकीतून झालेल्या अशाच विक्रीवर उभे आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना ज्या कापसाची चटक होती आणि तो थांबल्यावर ज्याच्या जागी वऱ्हाडचा कापूस जहाजांत चढला, तो याच मळ्यांतला.

म्हणून हा वाक्प्रचार कुठे वापरावा याबद्दल माझे मत कडक आहे. ज्याच्यावर भरवसा होता त्याने, स्वतःच्या फायद्यासाठी, दुबळ्याला दुसऱ्याच्या हवाली केले, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो शोभतो. संघटनेच्या पुढाऱ्याने मालकाशी परस्पर तडजोड करून कामगारांना वाऱ्यावर सोडले, तिथे तो नेमका आहे. मित्राने सिनेमाचे तिकीट दुसऱ्याला दिले, तिथे नाही. 'सेंड अप द रिव्हर' मात्र वेगळे. त्याचा अर्थ तुरुंगात धाडणे, आणि ती नदी हडसन. न्यूयॉर्क शहराच्या वरच्या अंगाला तिच्या काठी सिंग सिंग तुरुंग आहे.

'सेल आउट'चा प्रवास उलट दिशेचा. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात १८७१ पर्यंत अधिकारपद पैसे देऊन विकत मिळे, आणि नोकरी सोडताना ते पुढच्याला विकता येई. अशा अधिकाऱ्याने 'सोल्ड आउट' असे बिनदिक्कत म्हणायचे. त्यात लाज नव्हती. पुढे हा शब्द पक्ष, तत्त्व, सहकारी यांना विकण्याकडे वळला आणि शिवी झाला. १९६० च्या दशकात रॉक संगीताच्या चाहत्यांनी तर जाहिरातीला गाणे देणाऱ्या प्रत्येकालाच ती बहाल केली. 'द हू' या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९६७ मध्ये आपल्या अल्बमच्या नावातच 'सेल आउट' घालून आणि गाण्यांमध्ये खोट्या जाहिराती पेरून त्या शिवीचीच थट्टा केली. नाट्यगृहाच्या दारावर लावलेले 'सोल्ड आउट', आपले 'हाउसफुल्ल', मात्र पूर्णपणे निष्पाप.

'सेल ऑफ' म्हणजे तुकड्यातुकड्याने विकून मोकळे होणे. सरकारी कंपन्यांच्या विक्रीवर टीका करताना 'घरातली वडिलोपार्जित चांदी विकणे' असे म्हणतात. ही प्रतिमा ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांच्या १९८५ मधल्या भाषणाने गाजली, आणि आपल्याकडच्या निर्गुंतवणुकीच्या वादात ती आयती कामाला आली. इथे तोटा पुढच्या पिढीचा, असा टीकाकारांचा दावा असतो. आपले भविष्य आपणच खाऊन टाकणारा एसाव बायबलमध्ये भेटतो: त्याने ज्येष्ठत्वाचा हक्क भावाला वाटीभर मसुरीच्या आमटीसाठी दिला. 'मेस ऑफ पॉटेज' हे त्या सौद्याचे इंग्रजी नाव.

जिथे काहीच विकले जात नाही

विसाव्या शतकात अमेरिकेने 'सेल'ला आणखी एक अर्थ दिला: पटवणे. 'आय ॲम सोल्ड ऑन द आयडिया' म्हणजे कल्पना मला पटली. आता हे चार प्रयोग शेजारी ठेवून पाहा. 'ही सोल्ड मी आउट', त्याने मला दगा दिला. 'ही सोल्ड मी शॉर्ट', त्याने माझी किंमत कमी लावली. 'ही सोल्ड मी अ कार', त्याने मला गाडी विकली. 'ही सोल्ड मी ऑन द कार', गाडी घ्यावी हे त्याने मला पटवले, घेतली की नाही देव जाणे. चारही वाक्यांत 'ही सोल्ड मी' तेच. सगळा अर्थ मागच्या एवढ्याशा शब्दावर.

पटवण्याच्या दोन तऱ्हा. 'हार्ड सेल'चे आचार्य रॉसर रीव्ह्ज. १९५० च्या दशकात त्यांनी डोकेदुखीच्या गोळीची जी जाहिरात केली, तिच्यात डोक्यात हातोडा आपटताना दिसे आणि तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा कानी पडत. मालाचे एकच वेगळे वैशिष्ट्य धरून ते ठोकत राहायचे, हे त्यांचे शास्त्र त्यांनी १९६१ मध्ये पुस्तकात मांडले. 'सॉफ्ट सेल'चे उदाहरण म्हणून फोक्सवॅगनची १९५९ ची जाहिरात दाखवतात: रिकाम्या पानाच्या कोपऱ्यात एक चिमुकली गाडी आणि छोटेपणाचे कौतुक. दोन्हींत तोटा ठरलेला नसतो. गिऱ्हाईक शेवटी 'नको' म्हणू शकते.

म्हणू शकले नाही, की 'मिस-सेलिंग' सुरू होते. हा शब्द ब्रिटनमध्ये रुजला. १९८८ नंतर तिथल्या लाखो कामगारांना कंपनीची चांगली निवृत्तिवेतन योजना सोडून खासगी योजना घ्यायला लावले गेले आणि पुढे विमा कंपन्यांना अब्जावधी पौंडांची भरपाई द्यावी लागली. यात माल खोटा नसतो, थैलीही उघडी असते. तो माल त्या गिऱ्हाइकाच्या कामाचा नसतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. सत्तरीच्या आजोबांना मुदतठेवीऐवजी वीस वर्षांची विमा पॉलिसी देणे, हे आपल्याकडचे रूप. १६०३ च्या न्यायालयाने आजोबांनाच बोल लावला असता. आज आयुर्विम्याची पॉलिसी पसंत पडली नाही तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या काळातल्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होते, बाकी पैसे परत मिळतात. घरात नुकतीच कोणाच्या गळ्यात पॉलिसी पडली असेल, तर पाकिटावरची तारीख आजच तपासा.